शाई, पेन्सिल आणि मोतीबिंदू

डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या उजव्या डोळ्याचं आणि जानेवारी २०२५ मध्ये डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी जवळजवळ सहा महिने वाट पाहण्यात गेले. ऑपरेशनची माहिती कुणीही देतं. मधल्या महिन्यांबद्दल मात्र मला कुणी काही सांगितलं नव्हतं. डोळे अधू होत असताना दिवस कसा काढायचा, त्यात बघण्यासारखं काही उरतं का, हे तेव्हा वाचायला मिळालं असतं तर धीर आला असता. म्हणून कागदपत्रं, पैसे आणि औषधांसकट सगळं क्रमाने लिहिते आहे.

आम्ही बडोद्याचे. सासरचं जुनं घर दांडिया बाजारात, तिथे माझ्या वन्सं राहतात. आम्ही दोघं कारेलीबागेत, दुसऱ्या मजल्यावर. मी पोस्टातून निवृत्त झाले, वय एकसष्ट.

२०२३ च्या दिवाळीपासून समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत पसरायला लागले. वर्षाच्या आत चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मध्ये काही आठवडे तर पेपर चष्म्याशिवाय वाचता यायला लागला. डॉक्टरांनी नंतर समजावलं की मोतीबिंदू वाढताना डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, त्यामुळे जवळचं काही काळ बरं दिसतं. ती सुधारणा टिकत नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस अचानक चष्मा काढून वाचायला लागलं असेल तर एकदा तपासून घ्या.

१८ जून २०२४ ला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. केसपेपरचे ५०० रुपये. बाहुली मोठी करायचे थेंब घालून तासभर बसवतात आणि त्यानंतर चार-पाच तास नीट दिसत नाही, उजेड सहन होत नाही. त्यामुळे एकटीने जाऊ नका, आणि काळा चष्मा बरोबर ठेवा. निदान लगेच झालं : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. ‘पिकू द्यावा’ असं आमच्याकडे अजून सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आता तशी गरज नसते. उलट फार पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो. रोजच्या कामात अडचण यायला लागली की करून टाकायचं.

पण दोन अडचणी होत्या. माझी साखर वाढलेली होती, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.६. ती आटोक्यात येईपर्यंत डॉक्टर डोळ्याला हात लावायला तयार नव्हते, कारण जंतुसंसर्गाची भीती. दुसरी अडचण विम्याची. आम्ही पॉलिसी नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतली होती. बहुतेक पॉलिसींमध्ये मोतीबिंदूसारख्या ठरावीक आजारांना दोन वर्षांची प्रतीक्षा असते, माझ्यात ती होतीच. म्हणजे २० नोव्हेंबर २०२४ च्या आधी क्लेम मिळणार नव्हता. पॉलिसीच्या कागदात ‘प्रतीक्षा कालावधी’ आणि ‘उपमर्यादा’ हे दोन शब्द शोधून काढा. माझ्या पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ३०,००० रुपयांची मर्यादा निघाली. एकूण विमा पाच लाखांचा असला तरी डोळ्याला तेवढेच. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

घरी आले तेव्हा मी खचले होते. पाच महिने हे असंच धूसर, आणि ते वाढत जाणार. मला भरतकामाची आवड, ते बंद झालं. पुस्तकं बंद झाली. सगळ्यात वाईट म्हणजे माणसांचे चेहरे लांबून ओळखू येईनात, त्यामुळे बाहेर पडायलाच नको वाटायला लागलं.

वन्सं इथल्या फाइन आर्ट्सच्या. सयाजीराव विद्यापीठाच्या १९५० साली सुरू झालेल्या त्या कलाशाखेत त्या शिकल्या आणि पुढे शाळेत चित्रकला शिकवली. आषाढातल्या एका दुपारी त्या आल्या, माझी रड ऐकून घेतली आणि पिशवीतून एक शंभर पानी वही काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

“रोज एक वस्तू घ्यायची. पाच मिनिटं तिच्यासमोर बसायचं. उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही. जे दिसेल ते शाईच्या पेनाने लिही. जे दिसत नाही पण तिथे असेल असं वाटतं, ते पेन्सिलीने. दोन्ही एकत्र करायचं नाही, आणि दोन्हीतलं एकही सोडायचं नाही.”

“वन्सं, मला दिसत नाही म्हणून तर रडतेय ना.”

“दिसत नाही असं नाही गं. तुला नीट दिसत नाही. ते निराळं. तो फ्रेंच चित्रकार क्लोद मोने, त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी तो रंगवतच होता. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तोवर काय तो नुसता बसून राहिला?”

मला लिहायची सवय नव्हती. पोस्टातलं लिहिणं म्हणजे नावं, पत्ते, रकमा. पण तेच उपयोगी पडलं. पहिले काही दिवस मी पावतीवर लिहावं तसं लिहिलं : ‘स्टीलचं पातेलं. डावीकडे उजेडाची पट्टी. पट्टीची कड फाटलेली. आत दूध आहे की पाणी ते कळत नाही.’ आणि खाली पेन्सिलीने : ‘दूध असावं. साय धरायला लागली असावी, कडेने बारीक सुरकुती.’

हे पेन्सिलीचं कलम मला फार आवडायला लागलं. सायीची सुरकुती मला दिसत नव्हती, पण इतकी वर्षं रोज पाहिलेली होती. ती आठवायला बसलं की कळायचं, पाहिली होती पण कधी न्याहाळली नव्हती. सुरकुती मधून सुरू होते की कडेने? मला सांगता येईना. मग मी पातेल्यावर वाकून, अगदी वाफ नाकाला लागेल इतक्या जवळून बघितलं. कडेनेच सुरू होते. पेन्सिलीने लिहिलेलं खरं आहे का हे बघायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की शाईने लिहिण्यासारखं काहीतरी सापडतं. महिनाभरात मी दिवसाला एक वस्तू सोडून दोन-तीन वस्तूंवर गेले.

साखरेसाठी डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं होतं. आम्ही सकाळी कमाटी बागेत जायचो. सगळे आता सयाजीबाग म्हणतात, जुन्या मंडळींच्या तोंडी कमाटी बागच. १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी ती लोकांसाठी केली. तिथली मोठी झाडं मला नुसते हिरवे ढग दिसायची. पारंब्या दिसायच्या नाहीत. म्हणून मी हात लावून बघायला लागले. काही पारंब्यांची टोकं ओली आणि मऊ असतात, पिवळसर, नवी फुटलेली. काही दोरखंडाइतक्या जाड आणि कोरड्या. ज्या शहराचं नावच वडावरून पडलं तिथे साठ वर्षं राहून मी पारंबीचं टोक कधी हातात धरलं नव्हतं. ह्यांना सुरुवातीला हे सगळं विचित्र वाटायचं. पुढे तेच म्हणायला लागले, “थांब, इकडचीही बघ.”

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. बडोद्यातल्या कुणालाही २०२४ चा तो आठवडा सांगायला नको. कारेलीबागेत आमच्या गल्लीत कमरेच्या वर पाणी, वीज नाही, खालच्या मजल्यावरची दोन्ही कुटुंबं आमच्याकडे. मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या, आणि त्या खोट्याही नव्हत्या. वन खात्याची माणसं रोज कुठून ना कुठून मगर पकडून नेत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि खालच्या पाण्यावरून उजेड उसळून आमच्या दिवाणखान्याच्या छतावर आला. छतभर उजेडाची जाळी हलत होती. शेजारच्या मनीषाबेनची दोन मुलं उताणी पडून ती बघत होती. मला ते सगळं आणखी पसरट, आणखी मऊ दिसत असणार. खाली लोकांची धान्याची पिंपं भिजत होती, आणि मला छत सुंदर दिसत होतं. हे लिहावं की नाही, मला ठरवता येईना. संध्याकाळी मनीषाबेनच म्हणाल्या, “काकी, छोकरांओने तो मजा पडी गई,” म्हणजे मुलांना तर मजाच आली. मग लिहिलं. त्या पानावर पेन्सिल नाही.

पुरात दवाखान्यांचीही खूप हानी झाली. माझी सप्टेंबरची तपासणी तीन आठवडे पुढे गेली. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत आणि उंच फळीवर ठेवलेली असल्यामुळे माझी कागदपत्रं वाचली.

१६ ऑक्टोबरला कोजागिरी. आम्ही बिल्डिंगमधली मराठी घरं दरवर्षी अगासीवर, म्हणजे गच्चीवर, मसाला दूध करतो. मी चंद्राकडे बघितलं तर चार-पाच चंद्र, एकमेकांवर चढलेले, फुलांच्या गुच्छासारखे. प्रत्येकाची कड दुसऱ्यात मिसळलेली. भीती वाटली. एक डोळा झाकला तरी गुच्छच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला; ते म्हणाले, मोतीबिंदूत भिंगाचे वेगवेगळे भाग उजेड वेगवेगळा वळवतात, म्हणून एका डोळ्याने बघूनही एकाच्या जागी अनेक दिसतात, घाबरू नका. वन्संना विचारलं, हे शाईने लिहू की पेन्सिलीने? एक चंद्र आहे हे मला माहीत आहे, पण दिसतात पाच.

“दिसलं ना? मग शाई.”

आणि पेन्सिलीने मी एकच चंद्र लिहिला, वरच्या बाजूला जरा चेपलेला, डाग असलेला, आठवणीतला. मला ते पान अजून फार आवडतं.

१२ नोव्हेंबरला देवउठी अगियारस, म्हणजे कार्तिकी एकादशी. विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो तो आम्ही मांडवीजवळ उभे राहून बघतो. यंदा मी मूर्ती बघण्याचा प्रयत्नच केला नाही. डोळे मिटून उभी राहिले आणि ऐकत राहिले : आधी बँड, मग टाळ, मग गर्दीचा तो एकदम वाढणारा आवाज, त्यावरून पालखी कुठवर आली ते कळत होतं. सोनचाफ्याचा वास आला तेव्हा डोळे उघडले. पालखी समोर होती.

त्याच आठवड्यात साखरेचा रिपोर्ट आला, ७.१. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला.

इथून पुढे कागदांची गोष्ट. डोळ्याचं माप घेतात, त्याचे माझ्याकडून १,२०० रुपये घेतले. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून त्यावरून आत घालायच्या भिंगाचा नंबर काढतात. यंत्रासमोर हनुवटी ठेवून हलायचं नाही, एवढंच काम. रक्त, लघवी, ईसीजी मिळून १,४५० रुपये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधीच सांगायची, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

भिंग निवडताना सगळे गोंधळतात. दवाखान्याने तीन पर्याय दिले : भारतीय एकनंबरी २६,०००, बाहेरचं एकनंबरी ३८,०००, आणि जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं ७५,०००. हे एका डोळ्याचे, सगळ्या खर्चासकट. एकनंबरी म्हणजे लांबचं स्वच्छ आणि वाचायला चष्मा. महागड्यात चष्मा जातो, पण काही जणांना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. दिव्यांच्या पसरण्यानेच मी त्रासले होते, म्हणून बाहेरचं एकनंबरी घेतलं. तुम्ही काय काम करता ते डॉक्टरांना नीट सांगा, त्यावरून निवड सोपी होते.

भिंगाविषयी डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मला फार भावली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचघराचे अॅक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत, पण डोळा त्यांना विरोध करत नसे. हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं आणि त्यातून १९४९ मध्ये लंडनला त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. घरी येऊन मी हे वहीत लिहिलं. एका माणसाने जखमी डोळ्यांकडे इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलं, म्हणून आज माझ्यासारखीला दिसतंय.

ऑपरेशनची तारीख ११ डिसेंबर. कॅशलेससाठी दवाखाना चार दिवस आधी कागद पाठवतो : आधार, पॅन, पॉलिसी, डॉक्टरांची चिठ्ठी, मापाचा रिपोर्ट. विमावाल्यांनी एक शंका काढली, मोतीबिंदू पहिल्यांदा कधी कळला त्याचा पुरावा द्या. जूनची चिठ्ठी फाइलमध्ये होती म्हणून तासाभरात सुटलं. पहिली चिठ्ठी कधीही टाकू नका. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडताना तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. दवाखान्याच्या खिडकीवर हे शांतपणे म्हटलं की काम हलतं.

सकाळी न्हाऊन, पुढून उघडणारा ब्लाउज घालून गेले. काजळ, पावडर, दागिने नको. रक्तदाबाची गोळी घ्यायला सांगितली होती. साखरेच्या गोळीचं मात्र प्रत्येकाला वेगळं सांगतात, विचारून घ्या. उजव्या भुवईवर पेनाने खूण केली. मग दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब. बाकावर आम्ही सहाजण, सगळ्यांच्या कुठल्या तरी भुवईवर खूण. शेजारच्या आजोबांचे हात थरथरत होते. मी त्यांना वहीतलं पातेलं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या घरी सकाळी पत्र्यावर खार पळते, तिचा आवाज ऐकून किती वाजले ते त्यांना कळतं.

आत मला सगळ्यात जास्त भीती होती ती दिसण्याची. सुई, पातं दिसेल का? नाही दिसत. थेंबांनीच डोळा बधिर करतात, इंजेक्शन नव्हतं. चेहऱ्यावर कापड टाकतात, पापण्या उघड्या ठेवायला एक चिमटा लावतात, त्याचा थोडा ताण जाणवतो. पाणी पडतं ते गार लागतं. डॉक्टर म्हणाले, “बेन, दिव्याकडे बघत राहा.” बघायला सांगितलं तर मला येत होतं. सहा महिने तेवढंच केलं होतं.

दिव्याचे तीन गोल होते. मग ते विरघळले. गुलाबी झालं, मग गुलाबीतून निळं वर आलं, त्यावर काळसर रेघा सरकल्या, पुन्हा पाण्याखाली आल्यासारखा उजेड. यंत्राचा आवाज बारीक-मोठा होत होता. ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात, तोच तो आवाज. एका क्षणी सगळं सपाट पांढरं झालं, आकारच नाही. त्या वेळी माझ्या डोळ्यात भिंगच नव्हतं. मग काहीतरी उलगडलं आणि तीन गोल परत आले, कडांसकट. सगळं मिळून वीस मिनिटंही लागली नसतील. टाका नाही; छेद तीन मिलिमीटरपेक्षाही लहान. ज्यांना या टेबलावर झोपायची भीती वाटते त्यांना मला एवढंच सांगायचंय की तिथे बघण्यासारखं असतं, आणि बघत राहिलं की भीतीला जागा कमी मिळते.

चहा, बिस्किटं, डोळ्यावर पारदर्शक टोपण, दोन तासांनी घरी. विम्याचे ३०,००० गेले, माझ्या खिशातून ८,००० आणि विम्यात न धरल्या जाणाऱ्या वस्तूंचे ९४० रुपये.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपण काढलं. दवाखान्याची भिंत निळी आहे असं मला वाटलं. ती पांढरी होती. इतक्या वर्षांत मी पांढरा रंग पाहिलाच नव्हता, पिवळट पडद्यातून त्याचा अंदाज करत होते. घरी येऊन मी उजव्या आणि डाव्या डोळ्याने आळीपाळीने बघत सुटले. ह्यांचा करडा शर्ट उजव्या डोळ्याने जांभळट. ओट्याच्या पांढऱ्या लाद्यांवर हिरव्या रेघा होत्या, त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. हळद डाव्या डोळ्याने खमंग दिसायची, उजव्याने कच्ची.

आणि मग एक गोष्ट झाली जिची मला कल्पना नव्हती. मला लिहावंसं वाटेना. सगळंच दिसत होतं, एकावर एक, सारख्या जोराने. खिडकीत बसले तर तारेवरचे पोपट, समोरच्या दुकानाची पाटी, पानांच्या शिरा. कुठेच थांबता येईना. वन्संना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “सवय लागेल. पण पाच मिनिटं सोडू नकोस. एकच वस्तू.” त्यांनी मला पातेल्यापाशी परत बसवलं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत उठले. हळूहळू जमलं.

थेंबांचं वेळापत्रक फ्रीजवर लावा. मला पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक कमी. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, थेंब घातल्यावर नाकाकडचा कोपरा बोटाने हलका दाबायचा. दहा दिवस डोक्यावरून पाणी नाही, वाकून काही उचलायचं नाही, फोडणीपासून लांब. ह्यांनी त्या दिवसांत स्वयंपाक केला. मी खुर्ची टाकून बसायचे आणि मोहरी तडतडायची कधी थांबते ते सांगायचे.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मी मुद्दाम उत्तरायणानंतरची मागितली. १३ जानेवारीला पौषी पौर्णिमा होती, संक्रांतीची आदली रात्र. अगासीवर गेले. उजव्या डोळ्याने एक चंद्र, कडा कापलेल्या, डाग जागच्या जागी. डाव्याने अजून तो गुच्छ. मी बराच वेळ दोन्ही बघितले. गुच्छ आठवड्यात जाणार हे माहीत होतं, म्हणून जास्त वेळ डाव्याने बघितला. दुसऱ्या दिवशी पतंग. उजव्या डोळ्याला दोरा दिसत होता, उन्हात चमकून नाहीसा होणारा. मी काळा चष्मा लावून एका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, मांजाच्या वाटेत नाही. ऑपरेशननंतर लगेच उत्तरायण आलं तर तुम्हीही तसंच बसा.

त्याच आठवड्यात वन्संबरोबर तांबेकर वाड्यात गेले. दिवाण भाऊ तांबेकरांचा तो चौमजली लाकडी वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं : महाभारत, कृष्णाच्या लीला, इंग्रज-मराठ्यांची लढाई. मी एकेक डोळा झाकून तीच चौकट बघितली. डाव्या डोळ्याने सगळी माणसं एकाच संध्याकाळच्या उजेडात उभी, जवळची वाटत होती. उजव्याने प्रत्येक पगडी वेगळी झाली, रंग उडालेल्या जागाही दिसल्या. कुठलं खरं? वन्सं म्हणाल्या, ज्यांनी हे रंगवलं त्यातला कुणी म्हातारा असेल तर त्यालाही डाव्यासारखंच दिसत असेल. हे मी पेन्सिलीने लिहिलं.

२२ जानेवारीला डावा डोळा. यावेळी गुलाबी कमी आणि हिरवट जास्त दिसलं. दुखलं मात्र थोडं अधिक. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना दुसऱ्या वेळी तसं वाटतं, कारण आता लक्ष जास्त असतं. खर्च तेवढाच. विम्याच्या खिडकीवर मात्र दुसरा डोळा म्हणजे नवा क्लेम, सगळे कागद पुन्हा. एक संच झेरॉक्स करून ठेवलेला बरा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाचायचा चष्मा मिळाला, २,६०० रुपये. सहा आठवडे झाल्याशिवाय नंबर काढू नका, तोवर तो बदलत राहतो. चष्मा लागल्यावर मी पहिल्या वहीतली पेन्सिलीची पानं तपासायला बसले. बऱ्याच गोष्टी जुळल्या नाहीत. समोरच्या गॅलरीतलं लाल काहीतरी म्हणजे वाळत घातलेली मिरची असावी असं मी लिहिलं होतं. ती मुलाची प्लास्टिकची गाडी निघाली. रिक्षावाल्या काकांच्या आरशाला लटकणारा गणपती खरं तर मारुती होता. पण एकही ओळ मी खोडली नाही. ती गाडी मी बघितली, मुलाचं नाव विचारलं आणि आता त्याची माझी ओळख आहे. मिरची लिहिली नसती तर तिकडे वळून बघितलंच नसतं. डोळे चांगले असतानाही मी वर्षानुवर्षं त्या गॅलरीकडे बघितलं नव्हतं. म्हणून पेन्सिल मी सोडलेली नाही. आता ती दिसण्यापलीकडच्या गोष्टींसाठी वापरते : इस्त्रीवाल्या भैयांनी पहाटे कोळसे कधी पेटवले असतील, भाजीवालीच्या टोपलीतली पालक कुठल्या मळ्यातून आली असेल. कधी विचारते, कधी नाही.

ऑपरेशनच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस यांतला औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च माझ्या पॉलिसीत स्वतंत्रपणे मागता येत होता, पण त्या ३०,००० च्या मर्यादेतच. त्यामुळे मला काही मिळालं नाही. तुमची मर्यादा वेगळी असेल तर बिलं जपून ठेवा आणि मुदतीत अर्ज करा.

सध्या संध्याकाळी डोळे थोडे कोरडे वाटतात, त्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब चालू आहेत. काही जणांना महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागचा पडदा गढूळ होतो. तो लेझरने काही मिनिटांत साफ करतात, भिंग बदलावं लागत नाही. माझी पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये आहे. त्याआधी मे महिन्यात माझ्या धाकट्या दिरांचं ऑपरेशन आहे. त्यांची जूनपासूनची फाइल मी लावून दिली आहे, आणि वही वन्संनी.